तीच वायर, तिसऱ्यांदा आखूड

शनिवारी दुपारी साडेतीनला शॉपवरून, म्हणजे कारखान्यातून, फोन आला. लेआउट बोर्डावर गाडीच्या वायरी मांडून बांधणाऱ्या ताई होत्या. "सर, इंडिकेटरची वायर परत आखूड पडतीय."

त्यातला 'परत' मला टोचला. हीच वायर जूनमध्ये आखूड पडली होती, ऑगस्टमध्ये पडली होती, दोन्ही वेळा आम्ही ती 'दुरुस्त' केली होती, आणि आता पुढच्या रिव्हिजनला, म्हणजे डिझाइनच्या सुधारित आवृत्तीला, ती पुन्हा तितकीच आखूड होती. मोजून १४० मिलिमीटर. दरवेळी वेगळी चूक झाली असती तर म्हटलं असतं, माणसं आहेत, होतं. पण तीच वायर आणि तेच माप? म्हणजे चूक कुठंतरी नीट जपून ठेवलेली आहे आणि आपणच दरवेळी तिथून उचलून आणतोय.

मी चाकण पट्ट्यातल्या एका हार्नेस कंपनीत डिझाइनला आहे. हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा बांधलेला जुडगा. हा हार्नेस दुचाकीचा, मुख्य. ८६ वायरी, २२ कपलर (वायरी जोडायचे प्लग), सात स्प्लाइस (वायरीला वायर जोडलेले सांधे). सॉफ्टवेअर कुठलं ते मुद्दाम सांगत नाही, कारण कॅपिटल असो, ई-थ्री असो, ईप्लॅन असो की सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकल, हा त्रास सगळीकडे होऊ शकतो. त्याचं मूळ सॉफ्टवेअरच्या आत नसतं. सॉफ्टवेअरमधून डेटा बाहेर पडतो आणि कटिंग मशीनपर्यंत पोचतो, त्या वाटेवर असतं. ज्यांच्याकडे प्रत्येक ईसीएननंतर (डिझाइनबदलाच्या कागदानंतर) वायर लिस्ट 'थोडीशी' बिघडते आणि ती शॉपवरच निस्तरावी लागते, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

बोर्डापाशी गेलो. स्टिअरिंगच्या नळीजवळ हार्नेसला फांद्या फुटतात, त्यातली डावीकडची फांदी. बाकीच्या वायरी कपलरपर्यंत ऐसपैस पोचलेल्या आणि ही एकटी फोर्कमधून (बोर्डावरच्या दुबेळक्या खुंटीतून) मांज्यासारखी ताठ आलेली. टर्मिनल (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) कॅव्हिटीपासून, म्हणजे कपलरमधल्या त्याच्या भोकापासून, अर्ध्या वितीहून जास्त अलीकडेच थांबलेलं. ताई म्हणाल्या, "फोर्क सोडून आडवी नेली तर पोचंल सर. पण हँडल वळवलं की ताण तिच्यावर येणार." अगदी खरं. आणि अशी आडवी नेलेली वायर टेस्ट बोर्डावर बिनदिक्कत पास होते, कारण कंटिन्युइटीच्या (जोडणी पूर्ण आहे हे दाखवणाऱ्या) दिव्याला लांबी कळत नाही.

आधी कुठं शोधलं (आणि वेळ घालवला)

पहिला संशय कटिंग मशीनवर. तो नेहमीच तिथं जातो, बिचारं बोलत नाही ना. दहा वायरी कापून स्केलवर ठेवल्या. ६५० सांगितले होते, ६५० च कापले होते. मशीन निर्दोष.

दुसरा संशय राउटिंग करणाऱ्या, म्हणजे वायरींचे मार्ग आखणाऱ्या पोरावर. त्यानं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं, इंडिकेटरची वायर ७९०. तोही निर्दोष. म्हणजे एका टोकाला ७९०, दुसऱ्या टोकाला ६५०, आणि दोघंही खरं बोलतायत. अशा वेळी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरू नये. आम्ही जूनमध्ये तेच केलं होतं. लांबीची गोळाबेरीज कशी होते, क्रिम्पचा (टर्मिनल दाबून बसवण्याचा) अलाउन्स, म्हणजे वाढीव माप, किती धरलाय, बंडलचा व्यास, सगळं उपसलं. दोन दिवस गेले आणि शेवटी सुपरवायझरनी छापील कटिंग चार्टवर ६५० खोडून ७९० लिहिलं, मशीनच्या प्रोग्रॅममध्ये तसं भरलं, आणि गाडी पुढं निघाली. ऑगस्टमध्येही तसंच.

एका वायरचा माग

या खेपेला मी एकच काम केलं आणि तेच करा असं सांगेन. एक कोरा कागद घ्या. बिघडलेल्या वायरीपैकी एकच निवडा. तिचा माग सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढा: सॉफ्टवेअर, एक्सपोर्ट झालेली फाइल, प्लॅनिंगची शीट, कटिंग चार्ट, मशीन. प्रत्येक टप्प्यावर त्या वायरबद्दल काय लिहिलंय ते हातानं उतरवा.

मात्र वायर शोधायची ती नंबरावरून नाही, तिच्या दोन टोकांवरून. कुठल्या कपलरच्या कितव्या कॅव्हिटीतून निघते आणि कुठल्या कपलरच्या कितव्या कॅव्हिटीत जाते. ही एवढी एक शिस्त पाळली म्हणून आमचा गुंता अर्ध्या तासात सुटला. नंबरावरून शोधलं असतं तर आणखी दोन दिवस गेले असते, कारण घोळ नंबरातच होता.

कागदावर जे दिसलं ते असं. सॉफ्टवेअरमध्ये इंडिकेटरची वायर ४७ नंबरची, ७९०. एक्सपोर्टमध्ये ४७, ७९०. प्लॅनिंगच्या शीटमध्ये ४७, ६५०. बदल या दोहोंच्या मध्ये होत होता. प्लॅनिंगच्या शीटमागे एक मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) होता, आणि त्या मॅक्रोला चारा घालणारी एक हाइड केलेली शीट होती. नऊ ओळींची. नाव 'लांबी दुरुस्ती'. दीड वर्षापूर्वी ट्रायलच्या वेळी ज्या नऊ वायरी कमीजास्त झाल्या होत्या, त्यांची सुधारित मापं कुणीतरी तिथं लिहून ठेवली होती. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला. मॅक्रो इमानेइतबारे दर एक्सपोर्टनंतर त्या नऊ ओळी वायर नंबरानं जुळवून मूळ मापांवर चढवत होता.

त्या शीटमधली ४७ म्हणजे हॉर्नची वायर. सॉफ्टवेअर तिला ६२० म्हणत होतं, ट्रायलमध्ये ६५० लागली. मेमध्ये साइड स्टँडच्या स्विचसाठी दोन वायरी वाढल्या, कुणीतरी ऑटो-नंबरिंग चालवलं, आणि ३१ पासून पुढचे सगळे नंबर दोननं सरकले. जुनी ४५, म्हणजे इंडिकेटर, आता ४७ झाली. तिच्या अंगावर हॉर्नचं माप चढलं.

मग बाकीच्या आठ ओळींचं काय? त्यातल्या पाच ३१ च्या पुढच्या, म्हणजे सरकलेल्या नंबरांच्या होत्या, म्हणजे पाच आणखी वायरी चुकीच्या मापानं कापल्या जात होत्या. पण त्या लांब होत्या. कुठं २० जास्त, कुठं ६०. जास्तीची वायर टेपच्या आत मुडपून जाते, फांदी थोडी जाड दिसते, कुणी काही म्हणत नाही. हॉर्नची स्वतःची वायर ४९ झाल्यामुळे तिची दुरुस्ती सुटली होती आणि ती ३० नं कमी असूनही कशीबशी ताणून बसत होती. आखूड वायरचीच तेवढी तक्रार आली. तेव्हा तुमच्याकडे एक वायर ओरडत असेल तर ती एकटी आहे असं समजू नका, आजूबाजूच्या गप्प बसलेल्याही तपासा.

आणि हे तिसऱ्यांदा का झालं, तेही आता सरळ दिसतं. दोन्ही वेळा दुरुस्ती कटिंग चार्टवर झाली. कटिंग चार्ट तर दर रिव्हिजनला नव्यानं जन्माला येतो. त्याच्यावर केलेली दुरुस्ती त्याच्याबरोबरच कचऱ्यात जाते आणि मूळ चूक वरून पुन्हा खाली येते.

नंबर बदलतो, वायर तीच राहते

वायर नंबर हा माणसांसाठी असतो. ड्रॉइंगवर वाचायला, फोनवर सांगायला. दोन याद्या जुळवायला तो वापरायचा असेल तर तो जन्मभर बदलता कामा नये, आणि ऑटो-नंबरिंगचा अख्खा उद्देशच तो बदलण्याचा असतो.

बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक वायरला आतल्या आत एक ओळख देतं. एक्सपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये ती सहसा लपलेली असते, कारण ती दिसायला ओंगळ असते आणि ड्रॉइंगवर तिचा उपयोग नसतो. ती पहिल्या कॉलममध्ये आणा. केबीएल किंवा व्हीईसी (हार्नेसच्या डेटाची ठरलेली स्वरूपं) यांत डेटा देतघेत असाल तर एक सावधगिरी: त्या एक्सएमएल फाइलमधले आयडी त्या फाइलपुरते असतात, फाइलच्या आतल्या आत एकमेकांकडे बोट दाखवायला. पुढच्या एक्सपोर्टला तोच आयडी त्याच वायरला मिळेल अशी हमी नसते. त्यांच्यावर जुळवणी बांधू नका.

आतली ओळख मिळतच नसेल तर दोन टोकांपासून जुळवणीची किल्ली बनवा. एका टोकाचा कपलर आणि कॅव्हिटी, मग दुसऱ्याचा कपलर आणि कॅव्हिटी, मध्ये उभी रेघ. दोन्ही टोकं आधी अकारविल्हे लावून घ्या. नाहीतर एका रिव्हिजनला वायर स्विचकडून दिव्याकडे जाते, दुसरीला दिव्याकडून स्विचकडे, आणि तुलना करणारं सॉफ्टवेअर म्हणतं की एक वायर गेली, एक आली. वायर जागच्या जागीच असते, फक्त कुणीतरी ती उलट्या दिशेनं काढलेली असते. पण किल्लीसाठी टोकं फिरवलीत तर टर्मिनल, सील आणि स्ट्रिपचं (टोकाचं आवरण सोलायचं) माप त्या त्या टोकाबरोबरच फिरायला हवं. हे विसरलात तर या टोकाचं टर्मिनल त्या टोकाला क्रिम्प होईल आणि तो लॉट भंगारात जाईल.

ही किल्ली दोन ठिकाणी दगा देते. एका कॅव्हिटीत दोन वायरी एकत्र क्रिम्प केल्या असतील आणि दोन्ही त्याच दुसऱ्या कॅव्हिटीत जात असतील तर किल्ली दोघींना एकच मानते. तिथं आडवा छेद (वायरची जाडी) किंवा रंग जोडावा लागतो. दुसरं ठिकाण स्प्लाइस. स्प्लाइसला कॅव्हिटी नसते, फक्त नाव असतं, आणि ते नाव सॉफ्टवेअर आपोआप देत असेल तर दर वेळी नवं. अर्थिंगचा पाच वायरींचा स्प्लाइस आज एसपी-३ आणि उद्या एसपी-५ झाला की पाचही वायरी 'नव्या' होतात. म्हणून स्प्लाइसची नावं हातानं द्या आणि लॉक करा. सातच तर असतात.

एक्सेल मध्ये आलं की

नंबरांचा घोळ निस्तरल्यावर वाटलं संपलं. मग नवी किल्ली लावून दोन रिव्हिजनची तुलना केली तर फ्यूज बॉक्सच्या वायरी जुळेनात. सगळ्या नाही, काहीच.

फ्यूज बॉक्सच्या कॅव्हिटीला आमच्याकडे ओळ आणि रकाना अशी नावं आहेत. तिसरी ओळ, चौथा रकाना म्हणजे ३-४. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलवर) डबल क्लिक केलं की एक्सेलला ते ३ एप्रिल वाटतं. १३-१४ मात्र तसंच राहतं, कारण तेरावा महिना नसतो आणि चौदावाही नाही. म्हणून काही ओळी बिघडतात, काही शाबूत राहतात, आणि वरवर नजर टाकणाऱ्याला फाइल ठीक दिसते. सेव्ह केलं की तारीखच फाइलमध्ये जाते.

आमच्या एका नव्या पोरानं हे पाहून कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट केला. त्यानं मूळ ३-४ परत येत नाही, एक्सेलनं पोटात ठेवलेला तारखेचा आकडा बाहेर येतो. सेलमध्ये ४५३८५ दिसायला लागलं. हे ३ एप्रिल २०२४. त्याला वाटलं कपलरचा पार्ट नंबर आहे, आणि त्यानं तो पार्ट मास्टरमध्ये शोधलाही.

असाच दुसरा प्रकार अर्थच्या वायरींचा. त्यांच्या नंबरात मध्ये ई येतो. १२ई३ लिहिलं की एक्सेल त्याला १२ गुणिले दहाचा तिसरा घात समजतं आणि बारा हजार करून ठेवतं. पार्ट नंबरच्या सुरुवातीची शून्यं उडतात, हे तर सर्वांना माहीत असतं आणि तरी सर्वांचं होतं.

यात आपण एकटे नाही. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं काही जनुकांची नावं बदलली आणि २०२० मध्ये नव्या नियमावलीत तसं नोंदवलं, कारण मार्च-१ आणि सेप्ट-१ यांसारखी नावं एक्सेल तारखा करून टाकत होतं. एक्सेलमध्ये २०२३ पासून हे रूपांतर बंद करण्याची सेटिंग आली आहे. ती जरूर लावा, शून्यं आणि ई वाचतात. पण ३-४ सारख्या हायफनवाल्या नोंदी तिच्या भरवशावर सोडू नका. ती सेटिंग सलग लिहिलेल्या अक्षर-आकड्यांपुरती आहे.

खात्रीचा मार्ग म्हणजे सीएसव्हीवर डबल क्लिक न करणं. डेटा टॅबमधून फाइल आत घ्या आणि डेटा टाइप ओळखू नको असं तिथं निवडा. तिथं न निवडता पुढं गेलात तर पहिल्या २०० ओळी बघून कॉलमचा प्रकार ठरवला जातो. दुचाकीच्या हार्नेसला याचा त्रास होत नाही, सगळ्या ओळी त्यातच येतात. चारचाकीच्या हार्नेसमध्ये पहिल्या २०० वायरी नुसत्या आकड्यांच्या असल्या आणि २१५ नंबरला कुठं २१५ए आली, की त्या सेलमध्ये एरर.

आणखी एक बारीकसं. ग्राहकाच्या पीडीएफमधून कपलरचे कोड चिकटवले असतील तर शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा येऊ शकते, जी एक्सेलच्या ट्रिम फंक्शननं जात नाही. कॅरेक्टर १६०. लेन फंक्शननं लांबी मोजा. आठ अक्षरांचा कोड नऊ भरला की ती आहे. सब्स्टिट्यूटनं काढा आणि पुढं चला.

रंगांची गोष्ट वेगळी सांगावी लागते

कारण रंग चुकला तर टेस्ट बोर्ड काहीच बोलत नाही. जोडणी बरोबर असते, हिरवा दिवा लागतो, माल जातो. चूक कळते ती सर्व्हिस सेंटरला, जिथं मेकॅनिक मॅन्युअल बघून तपकिरी वायर शोधतोय आणि समोर काळ्यावर लाल पट्टा आहे.

दुचाकींमध्ये जपानी वळणाचे रंगसंकेत फार रुळलेत. त्यात बी म्हणजे काळा, आर लाल, एल निळा. बी-आर ही दोन अक्षरं दोन्ही मोठी असली तर काळ्या वायरवर लाल पट्टा. दुसरं अक्षर लहान असलं तर तपकिरी. जी-आर दोन्ही मोठी तर हिरव्यावर लाल, दुसरं लहान तर राखाडी. एल-जी मोठी तर निळ्यावर हिरवा, लहान तर फिकट हिरवा. सगळा फरक एका अक्षराच्या उंचीचा. आणि एक्सेलचा व्हीलुकअप (यादीतून नोंद शोधणारं फंक्शन) लहानमोठं अक्षर मानतच नाही. त्याच्या लेखी तपकिरी आणि काळा-लाल एकच. यादीत जो आधी सापडेल तो.

त्यात जर्मन मूळ असलेला एखादा पार्ट आला की बघायला नको. जर्मन संकेतात बी-आर, दोन्ही मोठी, म्हणजे तपकिरी. बी-एल म्हणजे निळा. तोच बी-एल जपानी वाचला तर काळ्यावर निळा पट्टा, आणि आपल्याकडचा इंग्रजी वाचणारा नवखा माणूस त्याला बेधडक 'ब्लॅक' म्हणतो. म्हणजे दोन अक्षरांचे तीन अर्थ, तिन्ही वाचणारे आपापल्या जागी प्रामाणिक.

आम्ही यावर वाद घालणं सोडून दिलं. सॉफ्टवेअरच्या आत आयईसी ६०७५७ या आंतरराष्ट्रीय मानकाचे संकेत, ज्यात काळा, निळा आणि तपकिरी यांची दुसरी अक्षरं वेगवेगळी आहेत: बी-के, बी-यू, बी-एन. पट्टा असेल तर मध्ये तिरकी रेघ सक्तीची. ग्राहकाचे संकेत फक्त ड्रॉइंग छापताना, एका तक्त्यावरून. हा तक्ता ग्राहकागणिक वेगळा असतो आणि तो सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत राहतो, कुणाच्या डेस्कटॉपवर नाही. जुन्या फाइली या संकेतांत आणताना मात्र माणसानं बसून प्रत्येक दोन अक्षरी रंग डोळ्यांनी बघितला. त्याला पर्याय सापडला नाही.

सध्या काय करतो

ती नऊ ओळींची शीट काढून टाकली. पण तिच्यातली माहिती खरी होती, ट्रायलमध्ये घाम गाळून मिळवलेली. म्हणून आधी प्रत्येक माप टोकांवरून योग्य वायरशी जुळवलं आणि सॉफ्टवेअरमध्येच त्या वायरच्या अलाउन्सच्या रकान्यात भरलं. आता हॉर्नची वायर सॉफ्टवेअरमध्ये ६२० अधिक ३० अशी दिसते, आणि नंबर काहीही झाला तरी ते ३० तिच्याबरोबर जातात.

डेटा एकाच दिशेनं वाहतो: सॉफ्टवेअरमधून शीटमध्ये. शीटमधून परत इम्पोर्ट बंद. यावर प्लॅनिंगवाले चिडले, साहजिक आहे, त्यांना एक आकडा बदलायला आता डिझाइनकडे यावं लागतं. मधला तोडगा असा निघाला की छापील कटिंग चार्टची एक प्रत शॉपवर लाल पेनासकट लटकते. सुपरवायझर त्यावर काय हवं ते लिहितात, मशीनवर भरतात, काम थांबत नाही. पण दिवस संपायच्या आत ती प्रत माझ्या टेबलावर येते आणि सॉफ्टवेअरमध्ये चढते. लाल अक्षर दुसऱ्या रिव्हिजनला पुन्हा दिसलं तर दोष माझा.

ऑटो-नंबरिंग बंद आहे. वायर काढली तर तिचा नंबर मेला, तो दुसरीला मिळत नाही. यादीत भोकं पडतात, दिसायला वाईट दिसतं, ग्राहकाच्या इंजिनिअरनं एकदा विचारलंही की ५२ नंबर कुठाय. नाहीये.

रिलीजच्या आधी जुन्या आणि नव्या रिव्हिजनची तुलना काढतो आणि ती उघडण्याआधी कागदावर लिहितो की किती फरक अपेक्षित आहेत. साइड स्टँडच्या दोन वायरी वाढल्या, तर फरक दोन. तुलनेत ५८ आले तर त्यातला एकेक वाचत बसायचं नाही. जुळवणीच फसलीये, थांबायचं. मेमध्ये आमच्या तुलनेत नेमकं असंच आलं होतं, आणि 'नंबर सरकलेत, बाकी काही नाही' असं म्हणून आम्ही सह्या केल्या होत्या.

सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांबद्दल थोडक्यात: दोन ठिकाणी दोन आवृत्त्या चालू असतील तर आधी त्या एक करा. एअरबस ए३८० च्या एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे, आणि एअरबसच्या हँबर्ग नि तुलूझ इथल्या लोकांकडे कॅटिया या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असल्यामुळे हँबर्गहून आलेले हार्नेस विमानात बसवताना आखूड पडू लागले. २००६ मध्ये वेळापत्रक कोसळलं, पहिलं विमान ऑक्टोबर २००७ मध्ये ग्राहकाला मिळालं. आपल्या १४० मिलिमीटरचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

तुमची फाइल आधीच बिघडलेली असेल आणि कुठली रिव्हिजन बरोबर हेच ठाऊक नसेल, तर ज्या रिव्हिजनचा हार्नेस शेवटचा विनातक्रार गेला ती पकडा, तारीख कितीही जुनी असो. तिच्या आणि आजच्या यादीच्या टोकांवरून किल्ल्या बनवा. दोन्ही टोकं जुळलेल्या वायरी बाजूला काढा, फक्त रंग, छेद आणि लांबी बघा. एकच टोक जुळलेल्या वायरी ईसीएनच्या कागदांशी ताडून बघा, बहुतेक खरे बदल तिथं असतात. एकही टोक न जुळलेल्या वायरी थोड्या असतात आणि त्या ताईंना घेऊन प्रत्यक्ष हार्नेसवर बघाव्या लागतात. ८६ वायरींना आम्हाला एक दुपार लागली.

शेवटची एक युक्ती, तपासणीची. प्रत्येक एक्सपोर्टच्या पहिल्या ओळीत आम्ही एक खोटी वायर ठेवतो. नंबर १२ई३, कपलर ००७, कॅव्हिटी ३-४, रंग बी-आर त्यातलं दुसरं अक्षर लहान, लांबी शून्य. फाइल कुणाच्याही हातून फिरून परत आली की आधी ही ओळ बघायची. ती जशीच्या तशी असेल तर बाकीची फाइल वाचायला घ्यायची, नाहीतर परत पाठवायची. फक्त बीओएम (लागणाऱ्या सामानाची यादी) काढताना ती गाळायला विसरू नका. पहिल्याच महिन्यात स्टोअरमधून फोन आला, "सर, हा झीरो झीरो सेव्हन कपलर कुठल्या व्हेंडरचा? सिस्टिमला सापडत नाहीये." मी माफी मागितली. पण निदान दोन्ही शून्यं स्टोअरपर्यंत शाबूत पोचली होती.